हातान

जयराम मास्तर खैरपाड्याला आले ते एकोणीसशे पस्तीस सालच्या जूनमध्ये. बरोबर एक ट्रंक होती, एक वळकटी होती आणि शुद्ध मराठीचा भलामोठा अभिमान होता. ट्रंक आणि वळकटी किन्हवलीपासून बैलगाडीत आली. अभिमानाचं ओझं मात्र पुढं गावाला उचलावं लागलं, आणि त्यातलं सगळ्यात जड टोक एका बाईच्या वाट्याला आलं.

मास्तर मूळचे साताऱ्याकडचे. वय तेवीस, अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. ट्रेनिंगला व्याकरणात पहिले आले होते, आणि ही गोष्ट ते दोन भेटींत तीनदा सांगत. खैरपाड्याची बोर्डाची शाळा म्हणजे चावडीचा अर्धा भाग. मधे कुडाची भिंत. अलीकडे पोरं पाढे म्हणत, पलीकडे पाटील आणि गावकरी तंबाखू मळत बसत. भिंतीला कान लावायची गरजच नव्हती, इकडचं सगळं तिकडं ऐकू जाई.

मास्तरांचा लाडका विषय विभक्ती. त्यातही तृतीया. फळ्यावर 'ने, ए, शी' लिहून ते पोरांकडे असे बघत, जणू घरचा दागिना काढून दाखवताहेत. "हा 'ने' फार गुणी आहे बरं," ते म्हणत. "काम कोणी केलं ते हाच सांगतो. कशानं केलं तेही हाच सांगतो. आणि एखादी गोष्ट का घडली, तेही हाच सांगतो. 'तो तापाने मेला.' का मेला? तापाने. एवढं कारण, पण एका अक्षरात बसलं!" पोरं गप्प. पोरं नेहमीच गप्प असत, कारण त्यांनी तोंड उघडलं की मास्तर सुधारत. 'नाय' म्हटलं की 'नाही म्हण', 'पानी' म्हटलं की 'पाणी म्हण'. पंधरा दिवसांत पोरांनी ओळखलं की या माणसापुढं न बोललेलंच बरं.

शाळेच्या खिडकीशी मात्र एक बाई रोज येऊन उभी राहायची. तिचं नाव गोजर. धर्माची बायको. कडेवर तीन-साडेतीन वर्षांचा पोरगा, गणू. पोरांनी एका सुरात 'ने, ए, शी' म्हटलं की गणू टाळ्या पिटायचा, म्हणून ती त्याला घेऊन यायची. शेतावर जाताना एकदा, येताना एकदा.

गणू तिच्या पोटचा नव्हता. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल झालं नाही, तेव्हा धर्मानं काशी नावाची दुसरी बायको केली. काशीला गणू झाला, आणि तो आठ महिन्यांचा असताना ती पोटाच्या दुखण्यानं गेली. तेव्हापासून पोर गोजरचं. भाताच्या आवणीच्या दिवसांत इतर बाया पोरांना बांधावर निजवत. गोजर त्याला पाठीशी बांधून चिखलात वाकायची. सासू गुणाबाई ओरडायची, "कंबर मोडंल गो तुजी!" गोजर हसायची. तिला आठ वर्षं ज्याची वाट पाहावी लागली, ते ओझं खाली ठेवायला ती तयार नव्हती.

एकदा तिनं खिडकीतून विचारलं, "मास्तर, याला कवा घालू शाळंन?"

"शाळेत," मास्तर म्हणाले. "शाळंन नाही. शाळेत."

"बरा, शाळेत," ती म्हणाली आणि लाजून हसली. मास्तरांनी ऐकलं, सुधारलं आणि विसरले. त्या दिवशी त्यांनी सुधारण्याऐवजी नुसतं ऐकलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण तेविसाव्या वर्षी ऐकायचं कुणाला सुचतं?

आषाढ सरता सरता गणूला ताप भरला. नदी दुथडी भरलेली, शहापूरचा दवाखाना पलीकडं. घरात जे सगळे करतात तेच गोजरनं केलं, किराईत आणून काढा केला. कडू जहर असतो तो, पण या भागात तापाला दुसरं काही देत नाहीत. पोर चार दिवस तापलं. गोजरनं चारही दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही. गुणाबाई म्हणाली, "मी घेतंय जरा, तू दोन घास खा." दिलं नाही. धर्मा म्हणाला, त्यालाही दिलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी गणू गेला, आणि तरीही दिवस मावळेपर्यंत तिनं कुणाला हात लावू दिला नाही. चार बायांनी धरून तिचे हात सोडवले, तेव्हा कुठं पोर पुरायला नेता आलं.

गुणाबाई अंगणात बसून ऊर बडवत होती. बायका रडताना शब्द जुळवून रडतात, आणि एकदा ते सुरू झालं की काय तोंडातून निघेल याचा भरवसा नसतो. "काशीचा एकुलता दिवा गो! सवतीनी खाल्ला गो माज्या लेकराला!" हे तिला म्हणायचं होतं का? नातू गेलेल्या म्हातारीला काय म्हणायचं होतं ते देव जाणे. पण पाटलानं ते ऐकलं. महिन्याभरापूर्वीच एका मयताची खबर वर दिली नाही म्हणून पाटलाची कानउघाडणी झाली होती. या खेपेला त्यानं अगत्यानं वर्दी पाठवली.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला. नगरकडचा माणूस, भिजून चिंब झालेला, त्यामुळे चिडलेला. त्याचा लिहिणारा तापानं पडला होता. चावडीत बसल्या बसल्या त्यानं कुडाला थाप मारली. "मास्तर, अक्षर कसं आहे तुमचं?"

मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. दौत-लेखणी घेऊन ते पलीकडं गेले. पोरांना सांगून गेले, विभक्तीचा तक्ता दहा वेळा लिहा.

गोजर खांबाला टेकून बसली होती. तीन दिवसांत बाई अर्धी झाली होती. डोळे कोरडे. हात मात्र मांडीवर तसेच, पोर धरल्यासारखे वाकवलेले.

"नाव?"

तिनं सांगितलं.

"पोराला काय पाजलंस?"

"किराइताचा काढा."

"दुसरं काय?"

"काय नाय."

"मग पोर कशानं मेलं?"

गोजरनं त्याच्याकडं बघितलं. असला प्रश्न कुणी विचारतं का, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. मग ती म्हणाली, "माज्या हातान."

हवालदार पुढं सरकला. "काय म्हणालीस?"

"माज्या हातान मेला, हवालदार. माज्याच. मी कुनाला हात नाय लावू दिला."

मास्तरांची लेखणी क्षणभर थबकली. अंगावर काटा आला त्यांच्या. मग व्याकरणात पहिला आलेला तो हात पुढं चालू लागला. 'हातान' असं अशुद्ध कसं लिहायचं? त्यांनी लिहिलं, 'मूल माझ्याच हाताने मेले. त्यात दुसऱ्या कोणाचाही हात नाही.' वाक्य ठसठशीत झालं. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना तेव्हा त्याचं समाधानही वाटलं, आणि हे त्यांनी पुढं आयुष्यात फक्त आपल्या बायकोला सांगितलं.

जबाब वाचून दाखवायचा असतो. मास्तरांनी तो बोलतात तसा वाचला, "माझ्याच हातानं मेलं." बरोबर आहे का? गोजरनं मान हलवली. "व्हय. माज्याच हातान." अंगठा उठवला. मग ती उठली आणि म्हणाली, "मी आता घरा जाव?"

तिला घरी जाऊ दिलं नाही. आठ दिवसांनी डॉक्टर येऊन पुरलेलं पोर बघून गेले, त्यांना काहीच सांगता आलं नाही. पण आता डॉक्टरांनी सांगायची गरज कुणाला होती? कागदावर कबुली होती, शाईत, वळणदार अक्षरात.

गावानं काय केलं? गावानं माना खाली घातल्या. तिनं कबूल केलं म्हणतात, मग आपण काय बोलणार? धर्मा दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी जेवला. गुणाबाईचं रडणं एकदम थांबलं. सून गेल्यापासून ती कुणाशी बोलेनाशी झाली. मास्तरांचा गावात मान वाढला, हवालदारासाठी लिहिणारा माणूस म्हणून.

भाद्रपदात एके दिवशी शकू नावाची तिसरीतली पोरगी लंगडत शाळेत आली. पायाला चिंधी बांधलेली, तिच्यातून रक्त झिरपलेलं. मास्तर तसे मनाचे वाईट नव्हते. त्यांनी तिला जवळ बसवलं.

"पाय कशानं कापला गं?"

"चिखलान."

मास्तर हसले. "अगं वेडे, चिखलानं कधी पाय कापतो का?"

शकू रडवेली झाली. खरं सांगूनही कुणी हसलं की पोरांना होतं तसं तिचं झालं. "चिखलान कापला मास्तर," ती पुन्हा म्हणाली, आणि या माणसाला काहीच समजत नाही हे ओळखून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "चिखलान. इल्यानी."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात आता जीव नव्हता. चिखलात कापला. विळ्याने कापला. मग त्यांनी खडू उचलून तिच्या हातात दिला.

"शकू, हातान म्हणजे काय गं?"

तिनं मूठ उघडून खडू दाखवला. "ह्यो खडू माज्या हातान हाय."

"आणि हातानी?"

तिनं त्याच खडूनं जमिनीवर एक रेघ ओढली. "ही रेग मी हातानी मारली."

ट्रेनिंगला तीन वर्षांत जे मास्तरांना कुणी शिकवलं नव्हतं, ते दहा वर्षांच्या पोरीनं एका रेघेत शिकवलं. कारण सांगायला, कर्ता सांगायला यांचा प्रत्यय 'नी'. आणि 'न' म्हणजे आत. घरान म्हणजे घरात, पान्यान म्हणजे पाण्यात, शाळंन म्हणजे शाळेत. 'पोर कशानं मेलं?' हा हवालदाराचा प्रश्न गोजरला ऐकू आला तो 'कशान' असा. कशात मेलं? पाळण्यात, अंथरुणात, आजीच्या मांडीवर? आणि तिनं उत्तर दिलं, माझ्या हातांत. कुणाला हात लावू दिला नाही. आईनं दुसरं काय सांगायचं असतं?

मास्तर वर्गाबाहेर गेले आणि ओटीच्या कडेला बसले. पोरांना वाटलं मास्तरांना घेरी आली. एकानं पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

त्याच दिवशी ते पाच कोस चालत हवालदाराकडं गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे. मग म्हणाला, "म्हणजे मास्तर, तुम्ही जबाब खोटा लिहिलात?"

"खोटा नाही. चुकीचा. मला त्यांची बोली—"

"सरकारी कागदावर चुकीचं लिहिलंत, वाचून दाखवलंत, खाली साक्षीला सही केलीत. नोकरी किती वर्षं झाली?"

"तीन महिने."

"घरी कोण आहे?"

"आई."

हवालदार दुष्ट नव्हता. त्यानं खरोखरच सल्ला द्यावा तसं सांगितलं, "कोर्टात विचारतील तेवढंच सांगा. न्यायाधीश काय दूधखुळे असतात? निर्दोष असेल तर सुटेल ती." मास्तरांना हे ऐकायला हवंच होतं. परत येताना सगळ्या वाटेत ते हेच स्वतःला सांगत आले.

कार्तिकात खटला उभा राहिला. मास्तरांना साक्षीला बोलावलं. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्यांना गोजर दिसली. ती त्यांच्याकडं बघून ओळखीचं हसली. एवढ्या परक्या माणसांत गावाकडचा एक चेहरा, म्हणून हसली असेल. ते हसू मास्तरांना पुढं कधी विसरता आलं नाही.

"हे अक्षर तुमचं?"

"होय."

"आरोपीनं सांगितलं तेच तुम्ही लिहिलं?"

"होय, पण साहेब, यांच्या बोलीत—"

"विचारलं तेवढंच सांगा. हेच शब्द ती बोलली?"

मास्तरांना वाटलं, आता ओरडावं. सांगावं की शब्द तेच आणि शब्द ते नव्हेत. पण कसं सांगणार? त्यांच्या तोंडून दोन्ही शब्द सारखेच निघत होते. आणि खरं सांगायचं तर, आईचा चेहरा डोळ्यांपुढं होता, मनीऑर्डरीची वाट बघणारा. "होय," ते म्हणाले आणि खाली उतरले.

मग न्यायाधीशांनी, ते तर कुठले लांबचे, स्वतः गोजरला विचारलं. अगदी सौम्यपणे विचारलं. "बाई, तुझ्यावर कुणी जुलूम केला का? खरं सांग, मूल कशानं मेलं?"

"माज्या हातान, सायेब," गोजर म्हणाली. तिला एवढ्या सगळ्यांनी तेच तेच का विचारावं हे कळत नव्हतं, तरी तिनं पुन्हा सांगितलं. "माज्याच हातान गेला माजा पोर." आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती रडली. लोकांना तो पश्चात्ताप वाटला.

सात वर्षं सक्तमजुरी.

मास्तर नंतर बोलले. तेव्हा सगळे बोलतात. त्यांनी वर अर्ज केला, स्वतःची चूक कबूल करून, 'हातान' आणि 'हातानी' यांचा फरक पानभर उदाहरणं देऊन समजावला. उत्तर आलं नाही. दुसरा अर्ज केला. तिसऱ्याला उत्तर आलं, दोन ओळींचं. आरोपीस जबाब तिच्याच भाषेत वाचून दाखवण्यात आला होता व तिने तो मान्य केला होता, सबब फेरविचाराचे कारण दिसत नाही. मास्तरांनी ते पत्र कितीतरी वेळा वाचलं. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

धर्माला त्यांनी सगळं सांगितलं. तो पारावर बसला होता, ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आता कशाला सांगताव मास्तर? फाल्गुनान माजा लगीन लागला." गुणाबाई मात्र त्यांचा हात धरून रडली. "माज्या तोंडाला आग लागली व्हती," ती म्हणाली. "मी बोलले नसते तर तुमाला कुनी लिवाया बोलवला असता?" म्हातारी त्याच वर्षी गेली. दोष वाटून घेणारं एक माणूस होतं, तेही उरलं नाही.

पुढं मास्तरांची बदली दोनदा निघाली. दोन्ही वेळा त्यांनी हातापाया पडून रद्द करून घेतली. लग्न झालं, दोन मुली झाल्या. आई साताऱ्याहून पत्रं लिही की त्या जंगलात काय पुरून ठेवलंयस? पोरांचं बोलणं सुधारायचं त्यांनी सोडून दिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा शेरा लिहिला, 'विद्यार्थ्यांची भाषा ग्रामीण राहते, शिक्षकाचे लक्ष नाही.' मास्तरांनी खाली मुकाट्यानं सही केली. गावात मात्र त्यांच्याइतकं नीट ऐकणारा माणूस दुसरा नव्हता. कुणी काही सांगू लागलं की ते मधेच थांबवून विचारत, म्हणजे कसं? पुन्हा सांगा. लोक थट्टा करत, मास्तर बहिरे झाले म्हणत. त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती. गोजर सुटेल, तेव्हा तिच्यापुढं उभं राहून तिला सांगायचं की चूक तुमची नव्हती, माझी होती. एवढं तिला कळलं पाहिजे. बाकी काही नाही झालं तरी चालेल.

एक्केचाळीसच्या मार्गशीर्षात ती सुटली. चांगल्या वागणुकीची सूट धरून सहा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या घरी दुसरी बाई नांदत होती, म्हणून ती मुरबाडकडं भावाच्या गावी गेली. मास्तरांना हे आठवडाभरानं कळलं. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी देऊन ते पहाटेच निघाले आणि ऊन चढायच्या आत पोचले.

गोजर भावाच्या खळ्यावर भात पाखडत होती. केस पांढरे झाले होते. पस्तिशीची बाई, पण पन्नाशीची दिसत होती. भावजय शेजारी बसलेली, तिचं रांगतं पोर गोजरच्या दिशेनं आलं, तशी गोजरनं सूप ठेवून दोन्ही हात पदराखाली घेतले आणि भावजयीला म्हणाली, "घे गं याला. माझ्याकडं नको येऊ देऊस."

मास्तर चपापले. ही बोली इकडची नव्हती. सहा वर्षं तुरुंगात देशावरच्या बायकांत राहून तिची जीभ अर्धीमुर्धी बदलली होती.

"मास्तर?" तिनं ओळखलं. "या, बसा. लांब आलात."

भावजय पोराला घेऊन घरात गेली. मास्तर बसले नाहीत. सहा वर्षं पाठ केलेलं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. हवालदारानं काय विचारलं, तिला काय ऐकू आलं, ती काय म्हणाली, आपण काय लिहिलं. शकूचा पाय, खडू, रेघ. कोर्टात आपलं तोंड कसं मिटलं, तेही सांगितलं, काही लपवलं नाही. सांगता सांगता त्यांना रडू आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "तुम्ही 'हातान' म्हणालात. मी 'हाताने' लिहिलं. तुमचा काहीच दोष नव्हता, गोजरबाई. सगळा माझा होता."

गोजर सुपातल्या दाण्यांवरून बोटं फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"ठाऊक आहे?"

"तिथं गेल्यावर समजलं. मी नवी गेले तवा सगळ्या इचारायच्या, पोर कशानं मेलं? मी म्हनायचे, माज्या हातान. त्या लांब सरकून बसायच्या. वरीसभर माझ्याशेजारी कुनी जेवलं नाही. मग एका म्हातारीनं उकलून सांगितलं, त्या काय इचारतात आन मी काय सांगते. तवा मी लई रडले. म्हनले, मी तसं नव्हते म्हनले. माझ्या हातांत मेला, एवढंच म्हनले व्हते."

"होय!" मास्तर जवळजवळ ओरडलेच. "तेच! तेच खरं!"

"मग ती म्हातारी म्हनली, बरं, हातांत मेला. पन मग मेला कशानं?"

मास्तर तिच्यासमोर खाली बसले.

"माझ्याकडं जाब नव्हता. तिथं दुसरं काय काम? दळायचं, आन इचार करायचा. काढा मीच केला. चवथ्या दिशी ताप उतरंना म्हनून दोन येळा दिला. दुसऱ्या येळंला त्यानं ओकून टाकला, तोंड फिरवलं, मी नाक धरून पाजला. सासू म्हनत व्हती, दे माझ्याकडं, जरा निजू दे. मी दिला नाही. वारा लागू दिला नाही, कुनाला बघू दिला नाही. कुनी बघितलं असतं तर कदाचित काही कळलं असतं."

"अहो, किराईत सगळा तालुका पितो!" मास्तर कळवळून म्हणाले. "त्यानं कुणी मरत नाही. तापाने गेला तो. नुसता तापाने!"

"ताप सगळ्यांच्या पोरांना आला व्हता त्या साली," गोजर म्हणाली. "त्यांची उठली."

मास्तरांनी तिच्यापुढं हात जोडले. त्यांना आता क्षमा नको होती. तिनं एकदा रागवावं, शिव्या द्याव्यात, अंगावर सूप फेकावं, म्हणजे निदान ती स्वतःला सोडील, एवढंच त्यांना हवं होतं. "गोजरबाई," ते म्हणाले, "तुमच्या गावच्या बोलीत सांगा मला. एकदाच. गणू तुमच्या हातान गेला का हातानी?"

तिनं फार वेळ घेतला नाही. उत्तर तिच्याजवळ तयार होतं, कैक वर्षांपासून.

"हातानी, मास्तर," ती म्हणाली. आणि त्यांचा चेहरा बघून तिला त्यांची दया आली असावी, कारण ती आपली जुनी बोली शोधून शोधून, हळू आवाजात पुढं म्हणाली, "तुमी जिवाला लावून घेव नका. तुमी बरोबरच लिवलाव."